शमीमचा नंबर अजून चालू आहे

शमीम, तुझा फोन आज सकाळी पुन्हा वाजला. मी भाकरी थापत होते. मधल्या खोलीतून तुझा आवाज आला, "ए, उचल की. पोरगी ताटकळलीय." हात पदराला पुसत धावले. फोन उचलला, तर पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारत होतं. तुला जाऊन आज अडतीस दिवस झाले आणि तुला कर्ज द्यायला लोक अजून तयार आहेत.

ऑफिसात सगळ्यांचे फोन एकाच सुरात वाजतात, आपला कोणता ते कळत नाही, म्हणून तू स्वतःचाच आवाज भरून घेतला होतास. फोन आला किंवा आठवण लावलेली असली की "ए, उचल की", आणि मेसेज आला की नुसतं "आलं बघ". स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो. मुख्याध्यापिकाबाई एकदा कपाळाला हात लावून म्हणाल्या होत्या, ही शाळा आहे की मंद्रूपचा बाजार. आता कुणी हसत नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी नजमाभाभी फोन रुमालात गुंडाळून माझ्या दारात आली. आत यायला तयार नव्हती. म्हणाली, "टीचर, ये तुमीच रखो. आपा कपाटमें से बाताँ करतीं. मेरेकू डर लगता." मी हात पुढं केला, तर तिनं फोन हातात दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि मागं सरली.

शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर दोनशे शब्द लिहून दिलेत मी. त्यात तुझ्या नोकरीची वर्षं आहेत, 'कर्तव्यदक्ष' आहे, 'मनमिळाऊ' आहे. मराठी मी शिकवते, पण माझं लिहिलेलं खोडायचीस तू. हेही खोडलं असतंस. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस. दाखला विसरून आलेल्या पोरीला तू बसस्टँडवरून माघारी पाठवायचीस आणि ती परत येईपर्यंत जेवायची नाहीस. तर ते लिहिणं वेगळं. हे कुणी मागितलेलं नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, ती सांगायला बसले आहे आणि नेहमीप्रमाणे आधी इकडचं तिकडचं बोलते आहे.

तुझा फोन उघडायचा कसा, हा पहिला प्रश्न होता. पॅटर्न रशीदभाईंना माहीत नव्हता. सख्खा भाऊ, पण तुझ्या कामात त्यांनी कधी नाक खुपसलं नाही. मी फोन खिडकीपाशी नेला आणि उजेडात तिरका धरला. काचेवर तुझ्या बोटाची तेलकट रेघ होती. वरून खाली, मग आडवी, मग पुन्हा वर. रोज ओढून ओढून उमटलेली. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि फोन उघडला. त्या दिवशी माझं बोट गार पडलं होतं, अजूनही ती रेघ ओढताना कुणाचा तरी हात धरल्यासारखं वाटतं.

आत एकोणीस मुली होत्या. एकोणीस नावं, प्रत्येकीपुढं 'शेवटची तारीख', आणि प्रत्येक तारखेला आठवण लावलेली. हे तुझं काम. पगार कारकुनाचा, पण खरी नोकरी ही. कुठली ट्रस्ट गुणवंत मुलींना कॉलेजची फी देते, कुठल्या सरकारी योजनेला बारावीचे किती टक्के लागतात, कुणाला उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कुणाला नुसतं बोनाफाईड चालतं, हे तू वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांतून, नोटीसबोर्डांवरून, कुणाकुणाला फोन करून जमवायचीस. मग निकालाच्या दिवशी पोरींना ऑफिसातल्या घड्याळाखाली उभं करायचीस आणि शेवटची तारीख तीनदा मोठ्यानं म्हणायला लावायचीस. "निकाहात तीनदा विचारतात, तसंच. मागाहून ऐकलं नव्हतं म्हणायचं नाही." पोरी लाजून हसायच्या. पण त्या तारखा त्यांच्या डोक्यात पक्क्या बसायच्या, हे खरं.

आणि प्रत्येकीच्या फॉर्मवर मोबाइल नंबर तू स्वतःचा टाकायचीस. यावरून आपलं किती वाजलं असेल. मी म्हणायची, हे नियमात बसत नाही. तू म्हणायचीस, "सुनी, एकीच्या बापाचा नंबर महिन्याला बदलतो, एकीच्या घरी फोन भाऊ घेऊन जातो, एकीचा रिचार्ज संपलेला. ओटीपी आला आणि बघायला कुणी नसलं तर? माझा नंबर पंधरा वर्षं तोच आहे." मी म्हणायची, "आणि एक दिवस तू नसलीस तर?" तू पंच मशीननं कागदाला भोकं पाडत म्हणायचीस, "मी कुठं जाते?"

या वादात मीच जिंकले, शमीम. असं जिंकणं माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

दुसरा वाद मात्र तू जिंकायचीस. जागा एक असायची आणि तू पंधरा जणींचे फॉर्म भरून घ्यायचीस. मी म्हणायची, ही गुणवत्तेची शिष्यवृत्ती आहे, पहिली येईल तिला मिळेल, बाकीच्यांना कशाला आशा लावतेस? तू एकदाच डोकं वर करून बघितलंस. "मिळेल एकीलाच. पण कुणाला मिळू नये, ते आपण ठरवायचं नाही." मी पुढचा तास आहे म्हणून उठले. तेव्हा तास नव्हता.

फोन माझ्याकडं आल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिली मुलगी बोलली. "शमीम मॅडम?" मी म्हणायला हवं होतं, बाळ, त्या गेल्या. पण तिच्या आवाजात इतका सुटकेचा निःश्वास होता की माझ्या तोंडून निघालं, "हं, बोल." ती बोलत राहिली आणि मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर आरशासमोरून जायची भीती वाटली. मग तो पायंडाच पडला. शिकलेली बाई, तीस वर्षं फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारी, दुपारच्या उन्हात खाटेवर बसून मेलेल्या मैत्रिणीच्या नावानं बोलत होते.

त्याहून विचित्र तो फोनच. मी एखादीला मेसेज लिहायला घेतला, 'बेटा' एवढं लिहिलं की खालच्या पट्टीत पुढचा शब्द तयार. 'दाखला'. त्यावर बोट ठेवलं की 'काढलास'. मग 'का'. मला वेगळं काही म्हणायचं असायचं, पण तो तुझंच म्हणणं पुढं करायचा, आणि तुझं म्हणणं माझ्यापेक्षा बरं असायचं. फॉर्म गेला की तू सगळ्यांना एकच मेसेज पाठवायचीस: 'पोचला. आता जेव.' पोरी फॉर्म जाईपर्यंत टेन्शननं जेवत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. मी 'पो' लिहिलं की ते तीन शब्द एकामागून एक येऊन उभे राहायचे. मी नुसतं बोट ठेवायची. ते लिहिणं माझं होतं की तुझं, ते मी सांगू शकत नाही.

रशीदभाई एकदा येऊन गेले. टेंपो दारात लावून पाचच मिनिटं बसले. म्हणाले, "टीचर, गेलेल्या माणसाचा नंबर चालू ठेवू नये. घरात बायका घाबरतात. चाळिसावा होऊ दे, मग मी बंद करून टाकतो." मी हो म्हणाले. पण त्यात मेख होती. मुलींच्या फॉर्मवरचा नंबर बदलायचा तर साइट आधी जुन्याच नंबरवर ओटीपी पाठवते. म्हणजे तू असल्याशिवाय कुणालाही तुझ्यापासून सुटता येत नव्हतं. मग रोज शाळा सुटल्यावर मी तुझ्या खुर्चीत बसून एकेकीचा नंबर बदलायला लागले. कॉम्प्युटरवर बटण दाबायचं आणि टेबलावरच्या फोनकडं बघत बसायचं. थोड्या वेळानं तू म्हणायचीस, "आलं बघ." आकडे टाकायचे. एक मुलगी कमी झाली. ऑफिसातल्या शिपाई मावशी कानात बोळे घालून झाडायच्या.

अठरा सुटल्या. राहिली मायाक्का.

मायाक्का तुला सांगायला नको. मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, आपल्या शाळेत मावशीकडं राहून शिकली आणि बारावीला पहिली आली. आता फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची शिष्यवृत्ती दरवर्षी रिन्यू करावी लागते, आणि एक वर्ष चुकलं की कायमची तुटते. तिचं खातं उघडायलाच ओटीपी लागायचा आणि तिची साइट दोन आठवडे बंद-चालू होत होती. तिचा फोन पहिल्यांदा आला तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, आवाज का असा येतुया तुमचा?" मी म्हटलं, घसा बसलाय. तिनं नुसतं 'बरं' म्हटलं. मग म्हणाली, "आबा म्हनत्यात, अवंदा फी भरायचं जमायचं न्हाय. फॉरम झाला तर शिक, न्हाय तर मेंढरं हायेतच की." मी म्हटलं, होईल. तुझ्याच आवाजात म्हटलं.

तिच्या नावापुढं तू जी शेवटची तारीख लिहिली होतीस ती मी बघितली आणि फोन पालथा ठेवला. जुलैतली ती तारीख. आकडा मी इथं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.

तुला माहीत नसावं, अशी माझी इतकी वर्षं आशा होती. आपण दोघी दहावीत एका बाकावर. नववीला तू पहिली, मी दुसरी, चार गुणांनी. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती आली, दहावीपासून कॉलेज संपेपर्यंतची, शाळेतल्या एका मुलीला. पहिल्या दोघींनी फॉर्म भरायचे, गुण बघून एकीला मिळणार. म्हणजे तुला. तू टायफॉइडनं घरी पडलेली. शिपाई नोटिशीची वही घेऊन वर्गावर आला. नोटिशीखाली आपली दोघींची नावं आणि पुढं सहीची जागा. मी माझी सही केली. मग तुझीही केली. शिपाई म्हणाला, "शेखला सांगशील न्हवं?" मी म्हटलं, हो.

मी सांगायला निघालेही होते, शमीम. शेवटच्या तारखेला शाळा सुटल्यावर तुझ्या घरी आले. तू चादर पांघरून बसली होतीस. अम्मींनी मला चहा दिला, बशीत ओतून दिला, कारण मला गरम पिववत नसे. तुझ्या अब्बांचं शिवणयंत्र चालू होतं. तू विचारलंस, "शाळेत काय नवीन?" मी चहा संपवला. म्हटलं, काही नाही. एका पायात चप्पल घालून दारात उभी होते तेव्हा तू पुन्हा म्हणालीस, "आणि काय म्हणतेस?" मी दुसऱ्या पायात चप्पल घातली.

माझ्या घरी गिरणी बंद पडून बाबा बसून होते आणि मला मास्तरीण व्हायचं होतं. हे कारण मी मनात इतक्यांदा म्हटलंय की आता ते गुळगुळीत झालंय. मला शिष्यवृत्ती मिळाली. तू बरी होऊन आल्यावर मी तुला म्हटलं, मलाही ऐनवेळी कळलं. तू म्हणालीस, "असू दे, आपल्या दोघींतल्या एकीला मिळाली ना." दहावीनंतर तू अम्मींबरोबर विड्या वळायला बसलीस. बारावी बाहेरून केलीस, टायपिंग केलंस, आणि मी जिथं शिकवत होते त्याच आपल्या शाळेत कारकून म्हणून आलीस. जुन्या कारकुनांनी तुझ्या हातात कपाटाच्या किल्ल्या दिल्या. त्या कपाटात शाळेच्या जुन्या वह्या होत्या. मी रोज त्याच्यावरून वर्गात जात होते.

तर ती तारीख उजाडली. मायाक्का गावी तालुक्याच्या ठिकाणी, लागेल तो कागद स्कॅन करून पाठवायला, एका झेरॉक्सच्या दुकानात बसून होती, मी तुझ्या खुर्चीत. सकाळपासून साइट फिरत होती. अकराला एकदा उघडली आणि बंद पडली. मी डबा उघडला नाही. दुपारी तीनला पान पुढं सरकलं, 'ओटीपी पाठवला आहे' असं आलं, आणि तुझा फोन गप्प. पुन्हा पाठवला. गप्प. मायाक्का दर दहा मिनिटांनी विचारायची, "आला का मॅडम?" दुकानदार तिला ऊठ म्हणत होता. साडेचारला मी तुझ्याशी बोलायला लागले, मोठ्यानं, रिकाम्या ऑफिसात. म्हटलं, माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ, या पोरीवर नको.

पाचची घंटा झाली. मुलींचा गोंधळ पायऱ्यांवरून उतरून गेला. आणि तू बोललीस, "ए, उचल की. पोरगी ताटकळलीय."

मला वाटलं मायाक्का. फोन उचलला, तर कुणाचा फोन नव्हता. आठवण लावलेली होती. पडद्यावर लिहिलं होतं: 'सुनंदा. मुदतवाढ.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मागं कुणी उभं आहे असं वाटून वळूनही बघितलं. मावशी व्हरांड्यात पाणी मारत होत्या. तेवढ्यात हातातला फोन थरथरला आणि तू म्हणालीस, "आलं बघ." सहा आकडे. माझी बोटं इतकी चुकत होती की तीनदा टाकावे लागले. फॉर्म गेला. नंबर बदलला. मी 'पो' लिहिलं आणि तुझे तीन शब्द मायाक्काला पाठवले.

तिचा लगेच फोन आला. मी तिला आधीच अडवलं. म्हटलं, "बाळ, मी शमीम मॅडम नव्हे. मी सुनंदाबाई, मराठीच्या. शमीम मॅडम..."

"ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "पयल्या दिशीच कळलं. त्या आदी 'जेवलीस का' इचारायच्या. तुमी न्हाय इचारलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनलं."

ती रडत होती, मीही रडले. दुकानदारानं तिला पाणी दिलं असावं, कारण मध्येच गुटगुट आवाज आला. फोन ठेवून मी ती आठवण उघडून बघितली. ती या वर्षापुरती नव्हती. दरवर्षी, त्याच तारखेला, संध्याकाळी पाच. तू फोन घेतलास त्या वर्षापासून.

मग मला माझ्या घरातली खिडकीजवळची खुर्ची आठवली. तू माझ्या घरी वर्षातून एकदाच यायचीस. ईदचा डबा पाठवायचीस, दिवाळीला मीच फराळ घेऊन येई, पण तू स्वतः यायचीस ती जुलैत, शाळा सुटल्यावर, कागदात गुंडाळलेली शेंगापोळी घेऊन. त्या खुर्चीत बसायचीस. चहा प्यायचीस. जाताना एका पायात चप्पल घालून थांबायचीस आणि म्हणायचीस, "आणि काय म्हणतेस?" मी म्हणायची, काही नाही. तू आणखी थोडं थांबायचीस. मग दुसरी चप्पल. "बरं. येते." मी ती तारीख कधी बघितली नाही, असं लिहिलं तर तू हसशील. कॅलेंडर त्या खुर्चीच्या वरच होतं.

शिष्यवृत्तीची तारीख संपली की पोरी रडत यायच्या तेव्हा तू त्यांना सांगायचीस, रडू नको, मुदतवाढ मिळते. मला तू किती वर्षं देत होतीस, ते मी मोजलेलं नाही. मोजायचा धीर नाही.

त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं. किल्ली तुझ्याच खणात होती. नोटिशीच्या वह्या वर्षावार लावलेल्या, खालच्या कप्प्यात. आपल्या दहावीच्या वर्षाची वही मी टेबलावर ठेवली, आणि ती आपोआप उघडली. मधोमध, त्याच पानावर. पुस्तक एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा उघडलं की त्याची पाठ तिथं मोडते, तशी मोडली होती. पानावर तू काही लिहिलं नव्हतंस. तुझ्या नावापुढं माझ्या अक्षरातली तुझी सही होती. मी 'शमीम'मधला दुसरा म घाईत मोडका काढला होता. मुलींच्या तारखा चुकू नयेत म्हणून तू आयुष्यभर जे केलंस ते तू या पानासमोर बसून ठरवलंस का, हे मला विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?

मला तुझा रागही आला, खरं सांगते. एवढी वर्षं माहीत असून माझ्या डब्यातली चटणी खात होतीस. एकदा कानशिलात मारली असतीस तर दोघी मोकळ्या झालो असतो. पण मारणं तुझ्या स्वभावात नव्हतं. वाट बघणं होतं. आणि माझ्या स्वभावात चहा संपवणं होतं.

मी तुझ्या जनाज्यालाही उशिरा पोचले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा अडकली आणि तुला नेताना मी लांबूनच बघितलं. बायका घरातच थांबतात, मीही अम्मींच्या जुन्या खाटेवर बसून राहिले. नजमाभाभीनं मला चहा दिला. बशीत ओतून. तिला कुणी सांगितलं असेल? तूच कधीतरी सांगितलं असशील.

परवा चाळिसावा. रशीदभाई उद्या फोन न्यायला येणार आहेत. मग नंबर बंद होईल, काही दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी जाईल, आणि तो माणूस विचार करेल की या पोरी दाखल्यांबद्दल का विचारतात. म्हणून आज शाळेतून लवकर आले. घर रिकामं आहे, बाहेर कोरडं ऊन आहे, सकाळची भाकरी तशीच झाकून ठेवलेली आहे. तुझा फोन मी खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवला, तू बसायचीस तिथं. आणि माझ्या फोनवरून तुझ्या नंबरला लिहायला बसले. तीनदा लिहून खोडलं. तू खोडली असतीस ती सगळी वाक्यं काढून टाकली. गिरणी काढली, बाबा काढले. शेवटी एवढंच राहिलं:

'शमीम, त्या दिवशी शेवटची तारीख मला माहीत होती. तुझी सही मी केली. कितीदा तोंडावर आलं आणि मी चहा प्यायले. ती जागा तुझी होती. मला माफ कर.'

पाठवलं.

खुर्चीतून तू म्हणालीस, "आलं बघ."

मला उठायला वेळ लागला. मग जाऊन फोन उचलला. तुझी रेघ ओढली. माझा मेसेज उघडला, आणि पलीकडं माझ्या फोनवर दोन खुणा निळ्या झाल्या. वाचणारी मीच होते हे मला कळत होतं, मी काही वेडी झालेली नाही. तरी मी फोन तसाच धरून उभी राहिले, उत्तराच्या रिकाम्या चौकटीत बोट ठेवून. मी काहीही लिहिलं नाही. एक अक्षरसुद्धा नाही. खालच्या पट्टीत शब्द आला.

'पोचला'.

मी त्यावर बोट ठेवलं. 'आता'.

ठेवलं. 'जेव'.

मी फोन पुन्हा तुझ्या खुर्चीत ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भाकरी घेतली, शेंगाची चटणी घेतली, आणि तुझ्यासमोर खाली बसून जेवले.